खंडेनवमीचे आठ व्हॉल्व

सोनाजीने हँडल फिरवले. मोटार शिंकली. त्याने दातओठ खाऊन पुन्हा फिरवले, तेव्हा ती दोनदा खोकली, उघड्या बॉनेटमधून निळा धूर तिने सोनाजीच्याच तोंडावर सोडला आणि गप्प बसली. अंगणात जमलेले निम्मे जवळा बाजार गाव खो खो हसले.

सोनाजीला राग यायला एरवीही कारण लागत नसे. भाकरी करपली तर राग, आणि वेळेवर आली तर एवढी घाई कसली होती म्हणून राग. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच हा जन्माला आला, असे त्याची आई सांगायची, आणि ती तसे सांगते म्हणूनही तो रागवायचा. आज तर सहा आठवडे घाम गाळून बांधलेले इंजिन भर गर्दीत शिंकले होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निजामाच्या राज्यात त्या वेळी या भागातल्या मोटारी बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. हिंगोलीच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे सोनाजीने चौदा वर्षे गाडी हाकली. व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली आणि इंजिन निकामी झालेली जुनी सोनाजीला देऊन टाकली. सोनाजीने तिला बैलजोडी जुंपली आणि ओढत गावी आणली. वाटेत जो जो हसला त्याच्याशी तो उतरून भांडला, म्हणून दोन दिवसांच्या वाटेला तीन दिवस लागले. गाडी घरीच उघडायची, इंजिन नव्याने बांधायचे आणि जवळा बाजार ते हिंगोली स्टेशन उतारूंची ने-आण करायची, असा बेत होता. बेत दोघांचा होता. दुसरा कादर.

कादर मिस्तरी बाजारातल्या लिंबाखाली बसून पंप, कंदील, तेलावरची इंजिने दुरुस्त करायचा. दोघे पोरसवदा असताना हिंगोलीत एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. उस्ताद म्हणायचा, एकाचे तोंड चालते, एकाचे हात. कादर बोलायला कमी आणि कामाला चोख. सोनाजीचा संताप त्याने वीस वर्षे एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिला होता. म्हणूनच ही जोडी टिकली होती. दुसरा कुणी असता तर पहिल्याच महिन्यात सोनाजीच्या डोक्यात पाना घालून मोकळा झाला असता.

तर मोटार शिंकली, लोक हसले, आणि सोनाजीने हँडल जमिनीवर आपटले.

“कादर, तू वाल घासले व्हते का?”

वाल म्हणजे व्हॉल्व. इंजिनाच्या डोक्यात ते आठ होते. लोखंडी अळंबीच म्हणा ना, लांब दांडी आणि वर गोल टोपी. ही टोपी आपल्या बैठकीवर घट्ट बसली तर इंजिनात दम कोंडतो आणि गाडी पळते. केसाएवढी फट राहिली तरी दम निसटतो. म्हणून कुरुंदाची पूड तेलात कालवून प्रत्येक व्हॉल्व त्याच्या त्याच्या बैठकीवर पेचकसाने फिरवत घासावा लागतो. हे काम कादरने केले होते, सोनाजीच्याच ओसरीवर बसून, तीन दिवस.

“घासले,” कादर म्हणाला.

“खोटं बोलू नको. तीन दिवस नुसत्या विड्या ओढल्या तू. वरून कुरुंद चोपडला अन् घासले म्हणून सांगितलं.”

कादरने आधी लोकांकडे पाहिले, मग सोनाजीकडे. “सोनाजी, चार मानसं हायेत. घरात चल, घरात बोलू.”

“काहून घरात? काम चारचौघांत बिघडलं, बोलणं बी चारचौघांतच व्हईल. ऐका रे समदे! हा कादर मिस्तरी. याचे हात गेले अन् नियतबी गेली. काम न करता केलं म्हणून सांगतो. याच्या हातात कंदीलबी देऊ नका!”

आता कुणी हसले नाही. अंगणाच्या कडेला रतनसिंग उभा होता. हा गावातल्या जिनिंगचा कारभारी. दिवाळीनंतर सरकी काढण्याचा हंगाम सुरू व्हायचा, आणि जिनिंगच्या इंजिनावर यंदा कादरलाच घ्यायचे त्याने जवळजवळ नक्की केले होते. कादर त्या कामाची चार वर्षे वाट पाहत होता. लिंबाखाली बसून कंदिलाच्या काचा बदलण्यात त्याचे आयुष्य चालले होते, आणि एका खऱ्या इंजिनाचा धनी व्हायची ही त्याची एकच हौस होती. रतनसिंगने खांद्यावरचा पंचा झटकला आणि निघून गेला. कादरने त्याला जाताना पाहिले.

मग कादरने चिंधीने हात पुसले, एकेक बोट करून, सावकाश. चिंधी मोटारीच्या मडगार्डवर ठेवली आणि तोही निघाला. दारातून वळून एवढेच म्हणाला, “वाल बराबर घासले व्हते.”

“जा जा!” सोनाजी ओरडला. “लई पाहिले तुझ्यासारखे!”

पाहिले बिहिले काही नव्हते. कादरसारखा त्याने एकच पाहिला होता, आणि तो चालला होता.

चार दिवसांनी सोनाजीची बायको मनकर्णा विहिरीवरून आली ती घागर आपटूनच.

“खतीजाबी भेटली,” ती म्हणाली. “कादरभाऊंना रतनसिंगजीचा निरोप आला. म्हणले, यंदा इंजनावर दुसऱ्या मानसाचं बघून राहिलो. जेवले न्हाईत कालपून.”

“मंग? खोटं काम करावं मानसानं?”

“तुमी पाहिलं का खोटं काम?”

“आता दावतो तुला! उघडतो इंजन अन् दावतो तुझ्या कादरभाऊचं पाप!”

खरे सांगायचे तर सोनाजीने पुन्हा इंजिनाला हात लावला तो गाडी चालू व्हावी म्हणून नाही. आपणच खरे होतो हे बायकोच्या नाकावर टिच्चून दाखवायचे होते, म्हणून. रागाने माणूस कधीकधी फार नेटके काम करतो, आणि सोनाजी तर चांगल्या उस्तादाचा चेला होता.

सकाळच्या उन्हात त्याने चारही प्लग काढले. एकेका भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचे, म्हणजे आतला दम अंगठ्याला कळतो. मनकर्णेला त्याने हँडलावर उभे केले आणि ती हळू फिरवते म्हणून ओरडला, जोरात फिरवू लागली तेव्हा जोरात फिरवते म्हणून ओरडला. पहिल्या भोकाने अंगठा जरा ढकलला. दुसऱ्याने नुसती फुंकर मारली. तिसऱ्यातून तेवढीही आली नाही. चौथे जेमतेम.

“दम न्हाई,” तो समाधानाने म्हणाला. पण दम दोन वाटांनी जातो. खाली दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, कड्या झिजल्या असतील तर तिकडून, नाहीतर वरून, व्हॉल्वमधून. कड्या सोनाजीने स्वतः बसवल्या होत्या. तेव्हा दोष तिथे असणे शक्यच नव्हते. तरी त्याने प्रत्येक भोकातून चमचाभर घट्ट तेल आत सोडले. कड्यांतून दम जात असता तर तेलाने फट बुजून अंगठा जोरात उडाला असता. मनकर्णेने हँडल फिरवले. अंगठा होता तसाच राहिला.

“कड्या ठीक! म्हंजे वालच!” सोनाजीने मांडीवर थाप मारली. “म्हणलं व्हतं का न्हाई?”

मग त्याने इंजिनाचे हेड सोडवले, म्हणजे व्हॉल्व ज्यात बसतात तो वरचा जड ओतीव ठोकळा, आणि ओसरीवर दोन विटांवर पालथे टाकले. पालथ्या हेडात चार वाट्या दिसतात आणि प्रत्येक वाटीच्या तळाला दोन व्हॉल्व बसलेले असतात. त्याने प्लग पुन्हा घट्ट बसवले, चारही वाट्यांत घासलेट ओतले आणि उकिडवा बसून राहिला. व्हॉल्व नीट बसले असतील तर घासलेट वाटीत तसेच राहते. इथे तमाखू मळून होते न होते तोच बाजूच्या भोकांतून थेंब लोंबू लागले. एक, दोन, मग धारच. आठांपैकी सहा व्हॉल्व गळत होते.

“ये! ये इकडं! बघ!” सोनाजीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “हे तुझ्या भावाचं काम! गोठ्यातली गळकी बादली बरी!”

मनकर्णेने पाहिले. तिचा चेहरा पडला.

आता शेवटचा पुरावा हवा होता. सोनाजीने स्प्रिंगा दाबून एकेक व्हॉल्व बाहेर काढला. खोटे घासलेला व्हॉल्व डोळ्यांना दिसतो. त्याच्या टोपीच्या कडेला कुठे चट्टे, कुठे जुनी काजळी, कुठे नुसते ओरखडे असतात. त्याने पहिला व्हॉल्व पुसून उन्हात धरला.

कडेला राखाडी कडे होते. एकसारखे, मऊ, कुठेही न तुटलेले, सोनाराने काढावे तसे.

त्याने दुसरा पुसला. तसेच. तिसरा. चौथा. आठही पुसून झाले आणि आठांच्याही कडेला तेच शांत राखाडी कडे होते. तीन दिवस बसून, पेचकस दोन तळव्यांत फिरवत, मध्ये मध्ये व्हॉल्व उचलून, पुसून, बघून, पुन्हा बसवून काढलेले. अशी कडी एकच हात काढत असे आणि तो हात सोनाजी वीस वर्षे ओळखत होता.

“मंग गळतंय काहून?” तो स्वतःवरच खेकसला.

मनकर्णेची काजळाची डबी कोनाड्यात होती. ती त्याने न विचारता उचलली, दुसऱ्या व्हॉल्वच्या कडेला काजळ लावले, बैठकीवर टेकवून जरासा फिरवला आणि काढून पाहिले. काजळ बैठकीच्या अर्ध्याच गोलाला लागले होते. म्हणजे व्हॉल्व एका अंगाने बसत होता, दुसऱ्या अंगाने अधांतरी. व्हॉल्व चांगला. बैठकही हात लावून पाहिली तर गुळगुळीत. दोन्ही चांगले आणि एकमेकांशी वाकडे. सोनाजीचे डोके फिरले. त्याने त्या व्हॉल्वला एक सणसणीत शिवी हासडली आणि रागाच्या भरात तो दिसेल त्या भोकात खुपसला. ते सहावे भोक होते.

व्हॉल्व टक्क करून बसला.

तो आवाज फार बारीक होता, पण सोनाजीने तो ओळखला. त्याने व्हॉल्व काढला, काजळ लावले, पुन्हा बसवला, फिरवला. बैठकीवर काजळाचे अखंड कडे उमटले. त्याने सहाव्या भोकातून निघालेला व्हॉल्व उचलला आणि एकेका बैठकीवर लावून पाहू लागला. तो तिसरीवर बसला. तिसरीचा सातवीवर. ऊन ओसरीच्या दुसऱ्या खांबापर्यंत सरकले तोवर आठही व्हॉल्वना आपापली बैठक सापडली होती. ज्या दोघांतून घासलेट गळले नव्हते ते तेवढे आधीच जागेवर होते.

कादरने आठच्या आठ घासले होते. बराबर घासले होते. नंतर कुणीतरी त्यांची अदलाबदल केली होती.

“मनकर्णे!” सोनाजी गरजला. हा राग ओळखीचा होता, आणि तो आल्याचे त्याला बरेच वाटले. “फळीवरच्या वालाला हात कोणी लावला?”

एका फळीला आठ भोके पाडून, कोळशाने आकडे टाकून, घासलेले व्हॉल्व त्यात ओळीने उभे ठेवले होते. कादर तर म्हणत होता, प्रत्येक व्हॉल्वच्या टोपीवर पंचाने खूण मारू, पहिल्याला एक ठोका, दुसऱ्याला दोन, म्हणजे काही झाले तरी चुकायचे नाहीत. सोनाजीनेच त्याला झिडकारले होते. माझ्या व्हॉल्ववर हातोडा चालवायचा नाही, आकडे फळीवर टाक, मी काय आंधळा आहे? कादर शनिवारी घासून गेला. मग खंडेनवमी, मग दसरा, दोन दिवस काम बंद. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कादरने येऊन फळीवरच्या आकड्याप्रमाणे एकेक व्हॉल्व हेडात बसवला होता.

मनकर्णा चुलीपुढून उठून आली. हाताला पीठ तसेच होते.

“हात कोणी लावला? सांगू?” ती म्हणाली. “खंडेनवमीला तुमीच म्हणले, घरातलं समदं लोखंड पूजेला मांड, एक खिळाबी ऱ्हायला नको. म्या मांडलं. कोयता, पाना, विळी. अन् हे आठ वाल ताटात ठेवले कमळाच्या पाकळ्यांवानी, मधी सुपारी. हळदकुंकू वाहिलं. तुमीच नारळ फोडला.”

“मंग तूच उचलले! तूच कुठले कुठं—”

“थांबा!” ती एवढ्या जोरात ओरडली की सोनाजी खरोखर थांबला. “दसऱ्याच्या सकाळी शेळीनं दावं तोडलं अन् पूजेतले झेंडू खाल्ले. तुमी काठी घेऊन तिच्यामागं धावले. वापस आले ते फणफणत. ताट उचललं, आठी वाल मुठीत घेतले अन् फळीत खोचले, हाताला येईल तसे. खोचता खोचता मला शिव्या देऊन राहिले व्हते. म्या म्हणलं, आवं, कादरभाऊंनी आकडे टाकलेत, बघून ठेवा. तर काय म्हणले तुमी? मोटार शिकवती का मला?”

तो नारळ, ते झेंडू, ती शेळी, सगळे सोनाजीला लख्ख आठवले. एवढेच काय, व्हॉल्वना लागलेले कुंकू त्याने धोतराने पुसले होते, तेही आठवले.

“मंग त्या दिशी काहून न्हाई बोलली? समद्यांपुढं?”

“त्या दिशी मला तरी काय ठाऊक, गाडी काहून खोकली ते? अन् बोलले असते तर ऐकलं असतं? बावीस वरसं झाली, तुमच्या तोंडापुढं कोणी बोललं का कवा?” तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने ती अधिकच चिडली. “एक मानूस टिकला व्हता तुमच्याजवळ. एक! त्याच्या पोटावरबी पाय दिला तुमी. आता कोणावर ओरडणार? शेळीवर ओरडा!”

शेळी खुंट्याला बांधलेली होती आणि रवंथ करत होती. सोनाजीने तिच्याकडे पाहिले. जन्मात प्रथमच त्याला ओरडावेसे वाटले नाही. शरम वाटली, आणि ती रागापेक्षा फार जड होती.

संध्याकाळी तो कादरच्या दारात गेला. खतीजाबीने पदर सावरत दार अर्धे उघडले. “घर में नै हैं,” ती म्हणाली. आतून कानस चालवल्याचा आवाज येत होता. सोनाजीला तो ऐकू आला, खतीजाबीलाही ऐकू येत होता, आणि सोनाजीला ऐकू येतो हेही तिला कळत होते. “कल आव,” असेसुद्धा ती म्हणाली नाही. दार लागले.

घरी येऊन तो धुमसत बसला. “मानूस दारात गेला तर भेटू नये का?”

“चारचौघांत बोलले ना,” मनकर्णा ताट वाढत म्हणाली. “चारचौघांत जावा.”

दुसऱ्या दिवशी त्याने आठही व्हॉल्व आपापल्या जागी बसवले, स्प्रिंगा लावल्या. परवा बाजार होता.

बाजाराच्या दिवशी, माणूस मावत नाही अशा ऐन गर्दीत, सोनाजी ते ओतीव हेड खांद्यावर घेऊन निघाला. एका हाताने ते धरलेले आणि दुसऱ्या हातात घासलेटची बाटली. मिरच्यांच्या पाट्या, कासऱ्यांची दुकाने, जोंधळ्याची पोती ओलांडत, वाटेत येईल त्याला “सरक, सरक!” म्हणून डाफरत तो लिंबाखाली पोचला. कादर एका पंपाचे कातडे बदलत होता. त्याने मान वर केली नाही.

सोनाजीने हेड त्याच्या गोणपाटावर पालथे टाकले. चारही वाट्यांत घासलेट ओतले. मग कंबरेवर हात ठेवून आवाज लावला.

“ऐका रे समदे! हिकडं या! त्या दिशी फुकटचा तमाशा बघाया आले व्हते ना, आज बी या!”

लोक जमायला वेळ लागत नाही. रतनसिंग कापडाच्या दुकानात उभा होता, त्याला सोनाजीने नाव घेऊन हाक मारली. “रतनसिंगजी! तुमी पहिले या. त्या दिशी ऐकून गेले, आज बघून जावा. हे घासलेट. हे वाल. थेंब खाली पडतो का बघा!”

सगळे वाकून पाहू लागले. एका म्हाताऱ्याने पान लावले, खाल्ले, थुंकले. घासलेट वाटीत होते तसेच चमकत होते. सोनाजीने बाजूच्या भोकांत बोट फिरवले आणि ते वर धरले.

“कोरडं! ठणठणीत कोरडं! असं काम परभणीपोत कोणी करून दावावं! म्या म्हणलो व्हतो, कादरनं वाल घासले न्हाईत. खोटं बोललो म्या! त्यानं बराबर घासले व्हते. खूण मार म्हणला, तर म्याच मारू दिली न्हाई. अन् पूजेतून उचलून उलटेसुलटे फळीत खोचले कोणी? म्याच! या सोनाजीनं! चूक माझी, हात माझे गेले, नियत माझी गेली! अन् आता कोणी हसलं तर दात पाडीन!”

तो माफी मागत होता की भांडत होता हे काही जणांना शेवटपर्यंत कळले नाही. त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होते, आणि त्या पाण्याचाही त्याला राग येत होता. कुणी हसले नाही.

रतनसिंगने वाट्यांत पुन्हा एकदा निरखून पाहिले. “हात पक्का हाय कादरमियांचा,” तो म्हणाला. “पर सोनाजी, तुमी त्यांचे जिगरी. तुमीच तसं बोलले, म्हणून तर म्या इश्वास ठेवला. कालच परभणीचा मानूस ठरवला इंजनाला. बाल-बच्च्यासकट निघाला तो. त्याला आता येऊ नको कसं म्हणू?”

सोनाजीने तोंड उघडले. रतनसिंगवर ओरडायचे होते. पण त्याचे एकही वाक्य खोटे नव्हते. तो कादरकडे वळला.

“जाऊ द्या, रतनसिंगजी,” कादर म्हणाला. तो प्रथमच बोलला. “तुमची काय गलती.”

रतनसिंग गेला. तमाशा संपला म्हणून लोकही पांगले. सोनाजी गोणपाटासमोर बसला. चार वर्षांची वाट, आणि आपण ती एका शिंकेपायी मोडली, हे त्याला आता अगदी नीट दिसत होते.

“कादर, म्या—”

“बस झालं. तुझं बोलणं ऐकलं समद्या बाजारानं.” कादरने वाट्यांतले घासलेट बाटलीत परत ओतले, एक थेंब न सांडता. “उद्या येतो. हेड चढवून देतो. तुझ्यासाठी न्हाई. माझ्या हातचं काम हाय, ते चालल्याबिगर मला चैन पडायचं न्हाई. चहाला बसंन का न्हाई, ते आताच सांगत न्हाई.”

त्याने पहिल्या व्हॉल्वची स्प्रिंग दाबून तो बाहेर काढला, ऐरणीवर उभा धरला आणि पंच व हातोडी सोनाजीपुढे केली.

“मार खूण.”

“तू मार. तुझा हात—”

“खूण मारू नको, कोण म्हणलं व्हतं?”

“म्या.”

“मंग तूच मार.”

सोनाजीने हातोडी उचलली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. ठोका बसला, पण पंच सरकला आणि खूण टोपीच्या मधोमध न पडता एका बाजूला, वाकडी पडली.

“चुकला,” तो म्हणाला. “थांब, दुसरा मारतो.”

कादरने व्हॉल्व ऐरणीवरून उचलून घेतला. “दुसरा ठोका मारला तर हा दोन नंबरचा व्हईल. हे आता असंच ऱ्हाईल.” आणि त्याने पुढचा व्हॉल्व काढायला घेतला.